खिंडीपलीकडून आलेला माणूस

३ ऑक्टोबर १९५४, रविवार

हात बसावा म्हणून रोज थोडं लिहीत जा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं आहे. आमची अक्षरं पुन्हा बदलली. लहानपणी मी अबखाज भाषा जॉर्जियन अक्षरांत लिहायला शिकलो; आता ती रशियन वळणाच्या अक्षरांत लिहायची आहे. मुलांच्या आधी मलाच शिकावी लागणार. काल फळ्यावर एक अक्षर शेपटीशिवाय काढलं गेलं. घरी आल्यावर लक्षात आलं आणि जेवण गेलं नाही.

मी शिक्षक झालो हे अजून खरं वाटत नाही. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पंचेचाळीस साली शाळा सुरू झाली त्या दिवशी नव्या बाई वर्गात आल्या आणि जॉर्जियनमधून बोलू लागल्या. आमच्या भाषेतली शाळा बंद झाली आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर मी बाकावर बसून त्यांच्या ओठांकडे बघितलं, मग तंबाखूच्या वखारीत लागलो. आता आमच्या शाळा पुन्हा उघडल्या आहेत आणि शिकवायला माणसं नाहीत. सामूहिक शेताच्या फलकावरचं माझं अक्षर बघून मुख्याध्यापक कोंद्रात सरांनी मला इथे आणलं. तिसरी आणि चौथी माझ्याकडे आहे. नेमणूक तात्पुरती. कायम व्हायचं तर सुखुमी शहरातल्या अध्यापक विद्यालयात जावं लागेल आणि त्यासाठी मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. यंदा आमच्या शाळेला एकच जागा आहे.

ती जागा मला हवी आहे. हे इथे लिहितो. तोंडाने कुणाला सांगणार नाही.

१२ ऑक्टोबर

आज पटांगणात मारामारी झाली. इमारत एक पण शाळा दोन आहेत. नदीकडचे वर्ग आमचे, रस्त्याकडचे जॉर्जियन मुलांचे. मधल्या खोलीत एकच शेगडी, तिच्याभोवती सगळे शिक्षक बसतात.

रस्त्याकडच्या पोरांनी सुरुवात केली. "डोंगरातून उतरलेले! जा परत डोंगरात!"

आमच्या चौथीतला साइद कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आम्ही डोंगरातून उतरलो, आणि तुम्ही ट्रकमधून! तुमच्या खाटा माझ्या बापाने उतरवून घेतल्यात!"

दोन्हीकडची पोरं हसली. मला वाटलं मिटलं, तेवढ्यात दगड सुरू झाले.

रस्त्याकडच्या मुलांना इतिहास नाझिब्रोला बाई शिकवतात. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या घरच्यांना सरकारने पंधरा वर्षांपूर्वी जॉर्जियातल्या लेचखुमीच्या डोंगरातून आणून इथल्या नव्या वसाहतीत बसवलं. आम्ही आपसांत रशियन बोलतो, दोघांचंही मोडकंच. मी विचारलं, "पोरांना हे कुठून कळलं?"

"माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "जॉर्जियाच्या राजधानीतून नवं पुस्तक आलंय. त्यात लिहिलंय, जुने अबखाज वेगळे, ते आमच्यातलेच. आत्ताचे तीनशे वर्षांपूर्वी खिंड ओलांडून आले आणि नाव तेवढं उचललं."

"तुम्हाला पटतं हे?"

"मला त्याचा पगार मिळतो, वियानोर. तुमच्या पुस्तकात काय दिलंय?"

आमच्याकडे पुस्तकच नाही.

कोंद्रात सरांना विचारलं. ते आमच्यातलेच, गावातलेच, म्हणून मोकळेपणाने विचारता येतं. ते म्हणाले, "'फार प्राचीन काळी' म्हण आणि पुढे सरक. प्राचीन काळात कुणी तपासणीला येत नाही."

२० ऑक्टोबर

पुढे सरकता आलं नाही. साइदने हात वर केला. "सर, आपण खरंच उतरलो का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "घरच्या मोठ्या माणसांना विचारा. आपलं कुळ कुठून, कसं. शनिवारी एकेकाने उभं राहून सांगायचं." युक्ती मला छान वाटली. घरोघरी म्हातारी माणसं हेच सांगणार की आम्ही इथलेच, आणि ते माझ्या तोंडून निघायची गरज उरणार नाही.

संध्याकाळी मीही हझरतकाकांकडे गेलो. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लढाईवरून परत आले नाहीत, तेव्हापासून आमच्या घराचं सगळं काकाच बघतात. आमच्या कुळाची भट्टी त्यांच्या अंगणात आहे. तिथे नांगराचे फाळही घडतात आणि शपथाही होतात.

"आपण मुळात कुठले, काका?"

"एवढा मास्तर झालास आणि हे मला विचारतोस? लहानपणी सांगत होतो तेव्हा कान कुठे टांगून ठेवले होतेस?" पण सांगायला त्यांना आवडलंच. आमचा मूळपुरुष बातक्वा. पलीकडे रक्ताचं वैर झालं, तेव्हा पाठीवर ऐरण बांधून बर्फातून खिंड ओलांडून आला. खाली उतरल्यावर पहिल्यांदा जिथे धूर दिसला तिथे फाटकाबाहेर उभं राहून त्याने हाक मारली. घरातली बाई म्हणाली, "आत ये, तुझं येणं सुखाचं होवो." तिने त्याला गरम आबिस्ता, म्हणजे मक्याची घट्ट लापशी वाढली, वर चीज. त्याच घरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं.

"म्हणजे आपण आलेले?"

"ऐरण घेऊन आलेले!" काका म्हणाले. "रिकाम्या हाताने कुणीही येईल."

२३ ऑक्टोबर, शनिवार

मी काय करून बसलो! मुलं एकेक उभी राहिली. एकीचं कुळ खिंडीपलीकडून आलेलं, दुसऱ्याचं समुद्राकडून. एकाचे पणजोबा तुर्कस्तानात हाकलले गेले आणि चोरून परत आले. एका मुलीचा मूळपुरुष तर जॉर्जियनांपैकी, मिंग्रेलियन निघाला, सासऱ्याशी भांडून नदी ओलांडून आलेला. प्रत्येकाने छाती काढून सांगितलं. घरोघरी हीच गोष्ट अभिमानाची, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? साइद तेवढा म्हणाला, "आजोबा म्हणाले, आधी हरवलेली गाय शोधून आण, मग कुळ सांगतो."

मधल्या सुट्टीत शेगडीजवळ हे मी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. बातक्वाची गोष्टही सांगितली. नाझिब्रोला बाई लोकरीचा मोजा विणत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "फाटकाबाहेरून त्याने हाक मारली ती कोणत्या भाषेत?"

मी म्हटलं, "कोणत्या म्हणजे? आमच्या."

"आणि बाईने उत्तर दिलं?"

"दिलं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या. माझी थट्टा करत होत्या. शिकलेल्या माणसांची ही सवय मला कळते.

कोंद्रात सर मात्र आपुलकीने ऐकत होते. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "मुलांची नावं नकोत, पण तुझ्या काकांची गोष्ट दोन ओळींत लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे. लोककथा म्हणून जिल्ह्याला पाठवू."

२ नोव्हेंबर

लिहून दिलं. चार वेळा खरडून पाचव्यांदा पक्कं केलं. "आमच्या घरातली वडीलधारी माणसं सांगतात की आमच्या कुळाचा मूळपुरुष डोंगरापलीकडून आला." एकही अक्षर चुकलेलं नाही, एकही शब्द खोटा नाही. आबिस्ता वाढणाऱ्या बाईचं वाक्य सरांनी काढायला सांगितलं, जेवणाखाण्याची कशाला भरताड म्हणून. मी खाली सही केली.

आजच आणखी एक आनंदाची गोष्ट घडली. मी कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनी ड्रॉवर उघडून मला शिफारसपत्र दिलं! शिक्का मारलेलं. सुखुमीची जागा माझी. काय योग जुळून आला! पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे. आईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही म्हणून तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं.

१८ नोव्हेंबर

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आलं आहे. मथळा असा: "अबखाज शिक्षकाचीच साक्ष: आम्ही तीनशे वर्षांपूर्वी आलो." खाली माझं नाव आणि गावाचं नाव.

तीनशे हा आकडा मी लिहिलेला नाही. "आमच्या कुळाचा" हे शब्दही गायब आहेत. सरांकडे धावत गेलो. "संपादकांनी थोडी भर घातली असेल," ते म्हणाले. "ते तसं करतात. मनाला लावून घेऊ नकोस." त्याच पानावर आदर्श मुख्याध्यापकांच्या यादीत सरांचं नाव पहिलं आहे. बिचारे एवढ्या गडबडीत होते की ते दाखवायचंही राहून गेलं असावं.

वर्गात आज निम्मी मुलं नव्हती. साइदच्या बापाने फाटकाशीच सांगितलं, "पोराला गाय शोधायला पाठवलंय. एक महिना लागेल."

संध्याकाळी काकांकडे गेलो. मी आत पाऊल टाकलं आणि काका उठून उभे राहिले. आमच्याकडे मोठे उठतात ते परक्यासाठी. घरच्या पोरासाठी कुणी उठत नाही. मला त्यांनी पाहुण्याची जागा दिली, स्वतःच्या हाताने वाईन ओतली, प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. मी दोन कुंपणं ओलांडून गेलो होतो. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

निघताना म्हणाले, "रविवारी भट्टीवर ये. माणसं जमतील."

२८ नोव्हेंबर, रविवार

भट्टी पेटवलेली नव्हती. कुळातले म्हातारे, शेजारची दोन कुळं, सगळे टोप्या काढून उभे. कोंद्रात सरांनाही बोलावलं होतं. त्यांचा निरोप आला की पोट बिघडलं आहे. मी आईकरवी त्यांच्यासाठी ताक पाठवलं.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदावर जे छापलं ते तू लिहिलंस?"

"निम्मं मी लिहिलं."

"निम्मं बाळंतपण झालं म्हण की!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"याबद्दल तू कुणाकडून काही घेतलंस?"

"नाही."

"मग हातोडा उचल."

मी उचलला. खोटं बोलत असेन तर या ऐरणीवर जसा घाव पडतो तसा माझ्या आणि माझ्या घरच्यांच्या डोक्यावर पडो, असं म्हणून तीनदा मारला. आवाज कानात घुमला. मग सगळ्यांनी श्वास सोडला. काकांनी माझ्या मानेवर हात ठेवला. आत चूल पेटली, आबिस्ता आली, कुणीतरी गाऊ लागलं. गरम होऊ लागलं म्हणून मी कोट काढायला गेलो आणि आतल्या खिशात कागद करकरला.

३० नोव्हेंबर

मी पैसे घेतलेले नाहीत. पत्र म्हणजे पैसे नव्हेत. पत्र मला आधीच मिळणार होतं. मिळणार होतं का? ते ड्रॉवरमध्ये तयार होतं, म्हणजे आधीच लिहिलेलं होतं. पण मी कागद ठेवल्यावर दिलं. मी ठेवलाच नसता तर? "काही घेतलंस का" असं काकांनी विचारलं, "पैसे" असं विचारलं नाही. मी "नाही" म्हटलं तेव्हा पत्र माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात नसलेलं धरतात का?

आई खोकते आहे. कालपासून.

३ डिसेंबर

सरांना विचारलं. "ते पत्र त्या दोन ओळींसाठी होतं का?"

त्यांनी चष्मा पुसला. "तू लहान आहेस का, वियानोर?"

या उत्तराचा अर्थ कसा लावायचा ते मला कळत नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. जाता जाता म्हणाले, सोळा तारखेला जिल्ह्याचे साहेब माझा पाठ बघायला येणार आहेत. विषय तोच. वर्तमानपत्रात आहे तसं शिकवलं की झालं. जानेवारीत मी सुखुमीला.

आईचा खोकला तसाच. डॉक्टर म्हणतो थंडीमुळे. त्याला भट्टीचं माहीत नाही.

५ डिसेंबर, रविवार

नाझिब्रोला बाईंच्या वसाहतीत गेलो. आत्तापर्यंत कधी गेलो नव्हतो. माझा संशय होता की वर्तमानपत्राला त्यांनीच कळवलं, आणि मी दारातच तसं म्हणून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आत ये, ऊब बाहेर जातेय." त्यांचे वडील चुलीपाशी बसले होते. आमच्या भाषेतला एकच शब्द त्यांना येतो, "खा", आणि तो त्यांनी दोनदा वापरला.

"मी त्या दिवशी विचारलं ते तुला थट्टा वाटली ना?" बाई म्हणाल्या. "आम्ही आलो तेव्हा नव्या घरावर कौलं नव्हती. शेजारच्या अबखाज बाईने मक्याचं पोतं आणून टाकलं आणि काहीतरी बोलली. आईला कळलं नाही. आई बोलली ते तिला कळलं नाही. दोघी पोत्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. बाबांना पंधरा वर्षांनी एक शब्द येतो. आणि तुझा बातक्वा खिंडीतून खाली येतो, परक्या मुलखात पहिल्याच फाटकाशी हाक मारतो, आणि आतली बाई त्याला त्याच्याच बोलीत आत ये म्हणते."

ही गोष्ट मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

"म्हणजे ती आधीच होती," मी म्हटलं.

"मला काय माहीत? मी पुस्तकातलं शिकवते. हे माझ्या तोंडून ऐकलंस असं कुठे म्हणू नकोस." मग म्हणाल्या, "वर्तमानपत्राला कुणी कळवलं ते तुला खरंच कळलं नाही?"

मी म्हटलं, नाही. मग त्यांनी मला अक्रोड दिले.

१६ डिसेंबर

आज अक्षराकडे लक्ष देणार नाही.

साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी कोंद्रात सर. मुलं पुन्हा येऊ लागली आहेत, जवळजवळ सगळी. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि बातक्वाची गोष्ट सांगितली. ऐरण, बर्फ, धूर, फाटक. सरांनी काढायला लावलेलं बाईचं वाक्य मी मोठ्याने म्हटलं. मग मुलांना विचारलं, "तिला त्याचं बोलणं कसं कळलं?"

प्रश्न इतका सोपा होता की त्यांना वाटलं मी फसवतोय. साइद म्हणाला, "बहिरी नव्हती म्हणून." वर्ग हसला. साहेबही हसले.

मग मीच सांगितलं. "ती त्याचीच बोली बोलत होती. तो आला, आणि इथे आपली माणसं आधीच होती. येणारे येत राहिले. त्यांना वाढणारं कुणीतरी इथे आधीपासून होतं. ते कधीपासून होतं, ते मला माहीत नाही. ते गोष्टीत नाही."

साहेबांचं हसू गेलं. "वर्तमानपत्रात तुम्ही दुसरं काही म्हटलं आहे."

"माझ्या कागदात एवढंच होतं की आमच्या कुळाचा पुरुष आला. बाकीचं माझं नाही."

"म्हणजे संपादक खोटे?"

मी घाबरलो होतो. संपादकांना खोटं म्हणायचा धीर मला झाला नाही. मी आतल्या खिशातून पत्र काढलं आणि साहेबांसमोर ठेवलं. "हे मला त्या कागदाबद्दल मिळालं. मी ते परत करतो. याबद्दल काही घेतलं नाही अशी मी ऐरणीवर शपथ घेतली आहे."

"ऐरणीवर?" साहेबांनी सरांकडे बघितलं. "हे काय बोलतायत?"

साहेब राजधानीकडचे, त्यांना ठाऊक नसणार. सरांना ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, कपाळावर घाम आला. पोट अजून बरं नसावं. मग मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, आणि मला वाटतं तेव्हा मला कळलं. वर्तमानपत्राला कुणी कळवलं, असं नाझिब्रोला बाई का विचारत होत्या ते.

इथे आणखी लिहीत नाही.

२२ डिसेंबर

कामावरून कमी केल्याचा कागद आला. कारण: अपुरं शिक्षण. कारण खरं आहे, त्यावर मी काय म्हणणार!

सुखुमीची जागा दुसऱ्या गावाला गेली. आईचा खोकला थांबला. डॉक्टर म्हणतो औषधाने.

९ जानेवारी १९५५, रविवार

वखारीत परत लागलो. पानं सुकवून प्रतीप्रमाणे लावायची. काका भट्टीवर सांगतात की पोराने साहेबाला गप्प केलं. गावातली माणसं माझ्या पाठीवर थाप मारतात. मला त्यात आनंद होत नाही. माझ्या जागी शिक्षक मिळालेला नाही. तिसरी-चौथीचे वर्ग सुट्टी संपल्यावर रस्त्याकडच्या जॉर्जियन वर्गांत मिसळणार आहेत, माणूस मिळेपर्यंत. माणूस कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. साइदच्या बापाने माझ्यासाठी दारूची बाटली आणली. त्याला मी हे सांगू शकलो नाही.

त्या दिवशी मी "फार प्राचीन काळी" म्हटलं असतं, तर आज ती मुलं आपल्या वर्गात असती. रोज सकाळी हाच विचार येतो.

२१ जानेवारी

आज नाझिब्रोला बाई वखारीच्या दाराशी आल्या. आत पानांचा वास सहन होईना म्हणून तोंडावर रुमाल धरून उभ्या राहिल्या. वखारीतल्या बायका कुजबुजू लागल्या. एकीने मोठ्याने विचारलं, "मास्तर, लग्नाचं बोलायला आल्यात का?" बाईंना ते कळलं नाही, हे बरं झालं.

"तुझी मुलं माझ्याकडे बसवलीत," त्या म्हणाल्या. "गप्प बसतात. मी बोलते, ती माझ्या तोंडाकडे बघतात. सगळ्यात लहान मुलगी आज बाकावरच ओली झाली. बाहेर जायचं होतं, विचारता आलं नाही. मग रडत बसली आणि मला काही बोलता येईना."

मी हातातली पानं खाली ठेवली.

"शिकवीन मी पुस्तकातलंच, त्याला माझा इलाज नाही," त्या म्हणाल्या. "पण मला शब्द दे. 'बाहेर जायचंय का?' आणि 'रडू नकोस.'"

मी सांगितलं. त्यांना जमेना. आमचे आवाज घशातून येतात, त्यांची जीभ पुढेच अडखळते. वखारीतल्या बायका हसू लागल्या, मग एकेक जवळ आली आणि त्याही म्हणून दाखवू लागल्या. "रडू नकोस" मी बाईंकडून किती वेळा म्हणवून घेतलं ते माहीत नाही. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "पुरे ना, एवढं कळेल तिला."

मी म्हटलं, "नाही कळणार. पुन्हा म्हणा."